कुत्र्याला घेऊन वाळवंटी राष्ट्रीय उद्यानांची मोटारसहल: प्रथमच निघणाऱ्यांसाठी

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातली वाळवंटी राष्ट्रीय उद्याने मोटारीने पाहण्याचा बेत तिकडची पुष्कळ मराठी कुटुंबे थँक्सगिव्हिंगच्या किंवा नाताळच्या सुटीत आखतात, आणि घरात कुत्रा असेल तर त्यालाही बरोबर न्यावे असे साहजिकच वाटते. तसे नेता येते, आणि नीट नेले तर प्रवास सगळ्यांनाच सुखाचा होतो. परंतु त्यासाठी आखणीची सुरुवात कुत्र्यापासून करावी लागते. कोणत्या उद्यानात कुत्र्याला कुठवर चालू देतात हे आधी पाहावे, त्यावरून मार्ग ठरवावा, आणि मग प्रसिद्ध नावांपैकी जी त्या मार्गावर येतील ती घ्यावीत. हा क्रम उलटा केला, तर दिवसाचा बराचसा वेळ पार्किंगमध्ये उभे राहून एकमेकांची वाट पाहण्यात जातो आणि कुत्र्याच्या वाट्याला फक्त तापलेले डांबर येते.

आधी नियम समजून घ्यावेत

राष्ट्रीय उद्यानांचा सर्वसाधारण नियम असा, की कुत्र्याला सदैव जास्तीत जास्त सहा फुटी दोरीने बांधलेले ठेवायचे, त्याची शी उचलून कचराकुंडीत टाकायची, आणि त्याला कुठेही बांधून एकटे सोडून जायचे नाही. हा भाग कोणालाही सहज पाळता येतो. नवख्या माणसाची अडचण होते ती पुढच्या भागात. बहुतेक वाळवंटी उद्यानांत कुत्र्याला रस्ते, पार्किंग, सहलीची बाके आणि तंबूंचे तळ एवढ्याच जागी परवानगी असते, पायवाटांवर नसते. ताडोबाच्या जंगलात पाळीव कुत्रा नेण्याचा विचारही आपण करीत नाही, आणि इथल्या नियमामागची कारणेही त्याच जातीची आहेत: कुत्र्याच्या वासाने वन्य प्राणी आपल्या जागा सोडतात, आणि पाळीव व रानटी प्राण्यांमध्ये डिस्टेंपरसारख्या रोगांची देवाणघेवाण होऊ शकते. अपंग व्यक्तीच्या मदतीसाठी शिकवलेल्या कुत्र्यांना वेगळे नियम आहेत. भावनिक आधारासाठी पाळलेला कुत्रा त्यांत मोडत नाही, आणि आपल्या घरच्या कुत्र्याला तसे जाकीट घालून आत नेणे हा ज्यांना खरोखर त्या कुत्र्याची गरज आहे त्यांच्यावर अन्याय आहे.

सर्वसाधारण नियम एक असला तरी प्रत्यक्षात उद्यानाउद्यानांत फार फरक पडतो. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्समध्ये दोरीला बांधलेला कुत्रा वाळूच्या टेकड्यांवर तुमच्याबरोबर कुठेही चालू शकतो. ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये त्याला सर्व फरसबंद पायवाटा खुल्या आहेत. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर तो दरीच्या कडेने जाणाऱ्या वाटेवर चालू शकतो, पण काठाखाली उतरणाऱ्या वाटांवर एक पाऊलही टाकू शकत नाही. युटा राज्यातल्या झायनमध्ये पारूस ही एकच पायवाट त्याला मोकळी आहे, आणि उद्यानाच्या शटल बसमध्ये त्याला घेत नाहीत. त्यामुळे ज्या महिन्यांत मुख्य दरीत खासगी गाड्यांना बंदी असते त्या महिन्यांत कुत्र्यासह आत जाण्याचा सोपा मार्गच उरत नाही. युटातलीच आर्चेस आणि कॅनियनलँड्स ही दोन्ही उद्याने अप्रतिम आहेत, परंतु तिथे पायवाटा कुत्र्यांना पूर्णपणे बंद आहेत, आणि कॅनियनलँड्समध्ये तर आडरानातल्या बहुतेक कच्च्या रस्त्यांवर गाडीत बसवूनही कुत्र्याला नेता येत नाही. माझे स्पष्ट मत असे, की कुत्र्यासह पहिल्याच सहलीत युटाची उद्याने घेऊ नयेत. या दोन उद्यानांजवळच्या मोआब गावी जायचेच असेल, तर शेजारच्या डेड हॉर्स पॉइंट या राज्य उद्यानात मुक्काम ठेवावा; तिथल्या पायी चालण्याच्या वाटांवर बांधलेल्या कुत्र्याला मज्जाव नाही, आणि कोलोरॅडो नदीचे खाली दिसणारे वळण कुठल्याही राष्ट्रीय उद्यानातल्या दृश्याइतकेच भव्य आहे.

मार्ग असा आखावा

लॉस एंजेलिसच्या आसपास राहणाऱ्यांसाठी मी पुढील फेरी सुचवेन: जोशुआ ट्री, तिथून टूसॉनजवळचे सवारो, मग व्हाइट सँड्स, तिथून उत्तरेला वळून पेट्रिफाइड फॉरेस्ट, आणि परतीच्या वाटेवर ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ. सगळे मिळून सुमारे १,८०० ते २,००० मैल होतात आणि आठ-दहा दिवस लागतात. फीनिक्सकरांनी हीच साखळी सवारोपासून धरावी.

जोशुआ ट्रीमध्ये कुत्र्याला रस्त्यापासून शंभर फुटांच्या आत राहावे लागते. मात्र तिथले कच्चे रस्ते त्याला चालण्यासाठी मोकळे आहेत, आणि क्वीन व्हॅलीतल्या धुळीच्या रस्त्यावर सकाळी गाड्या इतक्या कमी असतात की तो रस्ता पायवाटेसारखाच वाटतो. ट्वेंटीनाइन पाम्सच्या बाजूला ओएसिस ऑफ मारा ही छोटी फरसबंद वाट आहे. तीही कुत्र्याला चालते. सवारो उद्यान टूसॉन शहराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला अशा दोन तुकड्यांत विभागलेले आहे, आणि प्रत्येक तुकड्यात कुत्र्यासाठी एकेक छोटी वाट आहे: पूर्वेला डेझर्ट इकॉलॉजी, पश्चिमेला डेझर्ट डिस्कव्हरी. दोन्ही वाटा अर्ध्या मैलाच्या आतबाहेरच्या आहेत, म्हणून इथे एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नये.

व्हाइट सँड्सला मात्र दोन दिवस द्यावेत, कारण या संपूर्ण फेरीत कुत्र्याचा खरा आनंद तिथे आहे. २०१९ च्या डिसेंबरात राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळालेल्या या उद्यानात २७५ चौरस मैलांवर पसरलेल्या वाळूच्या टेकड्यांचा एक मोठा भाग येतो, आणि ती वाळू जिप्समची आहे. नेहमीची वाळू उन्हात पाय भाजण्याइतकी तापते, तशी जिप्समची वाळू तापत नाही. ती पायाखाली थंडच लागते, म्हणून कुत्र्याच्या पंजांना तिचा त्रास होत नाही. पण वाळू थंड आहे म्हणून ऊन कमी होत नाही: टेकड्यांवर सावलीला एक झाड नाही, पांढऱ्या वाळूवरून ऊन परत अंगावर येते, आणि अभ्यागत केंद्र सोडले की पुढे आठ मैलांच्या रस्त्यावर पाण्याचा नळ नाही. सगळ्या टेकड्या सारख्याच दिसत असल्याने गाडी नजरेआड होईपर्यंत चालत जाऊ नये. शेजारच्या क्षेपणास्त्र चाचणी क्षेत्रातल्या चाचण्यांमुळे उद्यानाचा रस्ता अधूनमधून काही तास बंद ठेवतात. त्या दिवसाची वेळ आदल्या संध्याकाळी उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहून ठेवावी. आत तंबू ठोकून गाडीजवळ राहण्याची सोय नाही, त्यामुळे मुक्काम ॲलमोगोर्डो गावात करावा लागतो.

तिथून पेट्रिफाइड फॉरेस्टपर्यंत सहा तासांचा पल्ला आहे आणि वाटेतला बराच भाग निर्मनुष्य आहे. पेट्रिफाइड फॉरेस्टचे दरवाजे रात्री बंद होतात, म्हणून जवळच्या होलब्रुक गावात राहून सकाळी आत शिरावे. क्रिस्टल फॉरेस्टच्या वाटेवर दगड झालेल्या झाडांचे ओंडके हाताच्या अंतरावर असतात, आणि ब्लू मेसाची वाट निळ्या-जांभळ्या मातीच्या टेकड्यांमधून खाली उतरते. उतार तीव्र असल्याने म्हाताऱ्या कुत्र्याला ती झेपेल का, हे उतरण्याआधी ठरवावे. दगडी लाकडाचा बारीकसा तुकडाही उचलणे हा गुन्हा आहे. मुलांना तेवढे आधी सांगून ठेवावे.

ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे ७,००० फुटांवर आहे, त्यामुळे खालच्या वाळवंटातून आलेल्या माणसाला आणि कुत्र्याला तिथली थंडी अनपेक्षित वाटते. हिवाळ्यात बर्फ असते. काठाची वाट बरीचशी फरसबंद आहे, पण सगळीकडे कठडा नाही, म्हणून खारी दिसल्या की उसळी मारणाऱ्या कुत्र्याची दोरी आखूड धरावी आणि त्याला माणसाच्या आतल्या बाजूला चालवावे. दरीत उतरायचेच असेल, तर उद्यानातल्याच श्वानगृहात त्याला दिवसभर ठेवता येते; तिथे लसीकरणाचे दाखले मागतात आणि जागा मर्यादित असतात, म्हणून फोन करून आधी नोंदणी करावी. भारतातून आलेले आई-वडील बरोबर असतील तर आणखी सोपे जाते: आळीपाळीने दोघांनी वाट उतरावी आणि बाकीच्यांनी वर सावलीत कुत्र्यापाशी बसावे.

वेळेचा एक घोळ ध्यानात ठेवावा. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळे पुढे करीत नाही, मात्र त्याच राज्यातल्या नवाहो आदिवासींच्या प्रदेशात ती पुढे केली जातात. श्वानगृहाची किंवा पशुवैद्याची वेळ घेतली असेल, तर ती कोणत्या घड्याळाची हे विचारून घ्यावे.

ऋतू

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते एप्रिलचा पूर्वार्ध हाच कुत्र्यासाठी योग्य काळ आहे. मे ते सप्टेंबर या महिन्यांत कुत्र्याला वाळवंटात नेऊच नये असे मी निक्षून सांगेन. मग गाडी कितीही थंडगार असो. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस, म्हणजे १३४ अंश फॅरनहाइट तापमान नोंदले गेले. तो टोकाचा आकडा सोडला तरी उन्हाळ्यात तिथे पन्नासच्या आसपासचे दिवस येतातच. जुलै ते सप्टेंबर हा ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोतला वळवाच्या पावसाचा काळही आहे, आणि डोक्यावर आभाळ निरभ्र असताना दूरच्या डोंगरातल्या पावसाने कोरड्या ओढ्यांना अचानक लोंढे येतात. हिवाळ्यात उलट प्रश्न असतो: दिवस सुखाचा, पण रात्री पारा शून्याखाली जातो, आणि आखूड केसांच्या कुत्र्याला तंबूत अंथरूण व पांघरूण दोन्ही लागतात.

निघण्यापूर्वीची तयारी

महिनाभर आधी पशुवैद्याकडे जावे. रेबीजच्या लशीचा दाखला, बाकीच्या लशींची नोंद आणि मायक्रोचिपला जोडलेला तुमचा सध्याचा फोन क्रमांक या तिन्ही गोष्टी तपासून घ्याव्यात. घर बदलले, फोन बदलला आणि चिपवर जुनाच क्रमांक राहिला, असे फार वेळा घडते. पग, बुलडॉग, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या जातींना, तसेच म्हाताऱ्या, स्थूल किंवा हृदयविकार असलेल्या कुत्र्यांना उष्णता फार लवकर बाधते. अशा कुत्र्याला न्यावे की ओळखीच्या माणसाकडे ठेवावे, हे वैद्यांना मोकळेपणाने विचारावे आणि त्यांनी नको म्हटले तर ऐकावे.

पंजांसाठी रबरी तळाचे बूट घ्यावेत आणि ते घरातच सवयीचे करावेत. पहिल्या दिवशी कुत्रा पाय उंच उचलून उभाच राहतो, एक पाऊल टाकतो आणि दाताने बूट ओढू लागतो. रोज पाच मिनिटे घालून खाऊ देत गेले की दोन-तीन आठवड्यांत तो त्यांना विसरतो. वाळवंटात पोहोचल्यावर पहिल्यांदा बूट घालण्याचा प्रयत्न करू नये.

पाण्याचा हिशेब असा धरावा: एरवी कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, वाळवंटात त्याच्या दुप्पट ठेवावे. म्हणजे २५ किलोच्या लॅब्राडोरसाठी रोज तीन लिटर, आणि माणशी चार लिटर वेगळे. गाडी बंद पडली तर एक दिवस निघेल इतका साठा त्यावर असावा. अंगावर ओतण्यासाठी लागणारे पाणी यात धरलेले नाही, तेही न्यावे. ओढ्यातले किंवा डबक्यातले पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नये. झायनमधल्या व्हर्जिन नदीत विषारी सायनोबॅक्टेरिया आढळल्याने २०२० पासून तिथे तसे इशारे देण्यात आले आहेत.

बाकी सामानात रुंद दातांचा कंगवा, पक्कड, चिमटा, गॉज, तापमापक, शी उचलण्याच्या भरपूर पिशव्या, नेहमीचेच खाणे आणि एक जादा दोरी एवढे पुरे. आपल्या प्रवासी खाऊबद्दल मात्र आवर्जून सांगायला हवे. चिवड्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींची हानी करतो, आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली च्युइंगम थोडीही पोटात गेली तर जिवावर बेतते. म्हणून चिवड्याचा डबा, लसणीची चटणी आणि कांदा घातलेली थालीपिठे मागच्या सीटवर उघडी ठेवू नयेत, आणि मायेपोटी घास भरवणाऱ्या आजी-आजोबांनाही हे आधीच समजावून सांगावे.

व्हिसावर राहणाऱ्यांनी स्वतःची कागदपत्रे हाताशी ठेवावीत. न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनाच्या दक्षिण भागातल्या महामार्गांवर सीमा पोलिसांची तपासणी नाकी असतात. व्हाइट सँड्सकडून लास क्रूसेसकडे येताना असेच एक नाके लागते. तिथे नागरिकत्व विचारतात, आणि तपासणीला त्यांचेही कुत्रे असतात, म्हणून आपला कुत्रा भुंकत असेल तर त्याला धरून बसावे आणि खिडकी अर्धीच उघडावी.

रोजचा दिवस आणि उष्णता

माणसासारखा घाम कुत्र्याला येत नाही; तो धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतो, आणि हवाच गरम असली की ही युक्ती थकते. त्यामुळे दिवस असा लावावा: उजाडताच चालणे, दहाच्या सुमारास परतणे, दुपारी गाडीने पल्ला गाठणे, आणि सूर्य कलल्यावर पुन्हा थोडे फिरणे. डांबरावर पाऊल टाकण्याआधी आपल्या हाताची मागची बाजू त्यावर सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला धरवत नसेल तर त्याच्या पंजांनाही नको. हवा जेमतेम ३० अंश सेल्सिअस असतानाही भर उन्हातले डांबर ५५ च्या पुढे जाते.

गाडीत कुत्र्याला एकटे सोडण्याबद्दल माझ्या मते चर्चेला जागाच नाही. बाहेर २९ अंश असताना बंद गाडीच्या आत दहा मिनिटांत ३९ आणि अर्ध्या तासात ४९ अंश होतात, आणि खिडकी बोटभर उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. विजेवरच्या काही गाड्यांत कुत्र्यासाठी वातानुकूलन चालू ठेवण्याची सोय असते, पण ज्या ठिकाणी फोनला रेंज नाही तिथे ती यंत्रणा बंद पडल्याचे तुम्हाला कळणार कसे? कोणी ना कोणी त्याच्याजवळ असलेच पाहिजे.

उष्माघाताची चाहूल जिभेवरून लागते. नेहमीच्या धापेत जीभ लांब पण अरुंद असते. ती टोकाला रुंद, चपटी होऊन बाहेर लोंबू लागली, लाळ घट्ट झाली, हिरड्या गडद लाल दिसू लागल्या, किंवा कुत्रा सावलीत बसला तरी धाप कमी होईना, तर त्याच क्षणी थांबावे. झोकांड्या आणि उलट्या ही पुढची पायरी आहे. सावलीत नेऊन पोट, मांड्या आणि छातीवर साधे थंड पाणी सतत ओतावे, वारा घालावा किंवा गाडीचे वातानुकूलन पूर्ण चालू करावे, आणि तसेच पशुवैद्याकडे निघावे. ओले टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नयेत, त्यांच्याखाली उष्णता कोंडते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०४ च्या खाली आले की पाणी ओतणे थांबवावे, पण बरा वाटतो म्हणून वैद्यांकडे जाणे टाळू नये, कारण आतल्या अवयवांना झालेली इजा काही तासांनी दिसते.

प्रवासात कुत्र्याला पट्ट्याने किंवा पिंजऱ्यात सुरक्षित ठेवावे, दर दोन तासांनी उतरवावे, टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये, आणि नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावेत. प्रत्येक मुक्कामाच्या गावातला रात्री उघडा असणारा पशुदवाखाना कुठे आहे, हेही कागदावर लिहून ठेवावे. काही ठिकाणी तो दोन तासांवर असतो, आणि ते आधी माहीत असले तर सावधगिरी आपोआप वाढते.

काटे, साप आणि बेडूक

कॅक्टसच्या अनेक जातींत चोया सर्वांत त्रासदायक. तिची मुठीएवढी बोंडे खाली पडलेली असतात, आणि नुसता स्पर्श झाला तरी उलट्या दातेरी टोकांचे काटे कातडीत रुततात. कुत्रा लगेच ते तोंडाने काढायला जातो आणि मग काटे ओठात व जिभेत जातात, म्हणून पहिले काम त्याचे तोंड धरण्याचे. एकाने तोंड धरावे, दुसऱ्याने कंगव्याचे दात बोंड आणि कातडी यांच्यामध्ये सरकवून एका झटक्यात बोंड दूर उडवावे. ते ज्या दिशेला उडेल तिकडे कोणाचा चेहरा नसावा. मग राहिलेले काटे चिमट्याने, जसे शिरले त्याच रेषेत सरळ ओढून काढावेत, आणि बोटांच्या मधल्या फटी उजेडात तपासाव्यात. घशात काटा गेला असेल तर घरगुती उपाय करू नयेत.

खुळखुळ्या साप, म्हणजे रॅटलस्नेक, उबदार दिवसांत दगडांच्या आणि झुडपांच्या कडेला असतो. चावला तर जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे किंवा बर्फ लावणे यांपैकी काहीही करू नये. कुत्र्याला शक्यतो उचलून गाडीपर्यंत न्यावे आणि प्रतिविष आहे का हे फोनवर विचारत दवाखान्याकडे निघावे. टूसॉनच्या परिसरात पावसाळी रात्री बाहेर पडणारा सोनोरन वाळवंटी बेडूक विषारी असतो. कुत्र्याने तो तोंडात धरलाच, तर डोके खाली धरून बाजूने पाणी सोडत तोंड धुवावे, म्हणजे विष घशात उतरत नाही, आणि लगेच वैद्यांना गाठावे. कोल्ह्यासारखे दिसणारे कायोटी तिन्हीसांजेला तळाजवळ येतात; छोट्या कुत्र्याला त्या वेळी कवेत नाहीतर गाडीत ठेवावे.

परतल्यावर

घरी आल्यावर पंजे, कान आणि काखा नीट तपासाव्यात, कारण बारीक काटे केसांत दिवसेंदिवस दडून राहतात. ॲरिझोनाच्या मातीत व्हॅली फीव्हर या रोगाची बुरशी असते. उडालेल्या धुळीबरोबर ती कुत्र्याच्या श्वासातून फुप्फुसात जाते आणि बहुधा तीन आठवड्यांनी खोकला, ताप, मंदावलेली भूक किंवा लंगडणे अशी लक्षणे दिसू लागतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या किंवा पूर्वेकडच्या वैद्यांच्या मनात हा रोग चटकन येईलच असे नाही. म्हणून सहलीनंतरच्या काही महिन्यांत असे काही दिसले, तर कुत्रा ॲरिझोनाला जाऊन आला आहे, कोणत्या महिन्यात आणि किती दिवस, हे तपासणीच्या सुरुवातीलाच सांगावे आणि रक्ततपासणीबद्दल विचारावे.